केमच्या माळावर एक सकाळ

उन्हाळ्याची सुटी लागली कीं घरांतील मुलांच्या तोंडीं महाबळेश्वर आणि माथेरान यांखेरीज दुसरें नांव नसतें. यंदा तो बेत जमला नाहीं. तेव्हां वळवाची पहिली सर पडून गेल्यावर एके दिवशीं पहांटे मी सर्व बालसेना घेऊन केमच्या माळावर निघालों. “तेथें पाहावयाचें काय, काका? नुसते दगड!” हा थोरल्या पुतण्याचा अभिप्राय.

केम हें सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यांतील गांव. मुंबई-सोलापूर लोहमार्गावर जेऊर व कुर्डुवाडी यांच्या दरम्यान तें लागतें. हळदीवर क्षाराचा संस्कार होऊन तयार होणारें येथील कुंकू दूरवर जातें. उत्तरेश्वराच्या दर्शनासही लोक येतात. परंतु गांवाबाहेरच्या माळाकडे पाहावयास मुद्दाम कोणी आल्याचें मीं तरी ऐकिलें नाहीं.

सूर्य वर आला तसा माळ जागा झाला. बोरी-बाभळींच्या आडून तित्तिर ओरडूं लागले. चंडोल गात गात सरळ आभाळांत चढला आणि दगडासारखा खालीं आला. कुसळांनीं धोतराचे काठ भरून गेले. पुतण्या कंटाळून पुढें धांवत सुटला, तोंच एक टिटवी आकांत करीत त्याच्या डोक्यावरून घिरट्या घालूं लागली. मी ओरडलों, “थांब, पाऊल टाकूं नकोस!” त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर, उघड्या खड्यांत, खड्यांसारखींच ठिपकेदार चार अंडीं होतीं. ना काडी, ना गवताची गादी! मुलगा जागच्या जागीं खिळला. त्याचा चेहरा उतरला.

रात्रीं ही हकीकत ऐकून आमच्या वृद्ध आत्याबाई म्हणाल्या, “लहानपणीं बैलगाडींतून जातांना माणसाच्या कमरेएवढा पक्षी माळावर चालतांना आम्ही पाहात असूं.” तो माळढोक. त्याची मादीही उघड्या जमिनीवरच अंडें घालते, आणि तेंही बहुधा एकच. टिटवीचीं चारांतलीं दोन गेलीं तरी दोन उरतात. माळढोकाचें एक गेलें कीं त्या वर्षाचा संसारच बुडाला. याच जिल्ह्यांत नान्नज येथें त्याच्यासाठीं 1979 सालीं अभयारण्य झालें. तरीही आज तेथें तो क्वचितच दृष्टीस पडतो.

याचें एक कारण आपल्या समजुतींत आहे. झाडें नाहींत तें ओसाड, असें आपण धरून चालतों. मग माळ कोणी नांगरतो, तर कोणी पुण्यकर्म म्हणून त्यावर दाट झाडी लावतो. पण माळढोकास चोहोंकडे दूरवर दिसणारें मोकळें रान हवें. काळविटाचें बळ तर धांवण्यांतच आहे. गवत हीच त्यांची वनश्री. तिच्यावर झाडी लादणें म्हणजे उपकार करतांना घर मोडणें होय.

वाचकांनीं आपल्या गांवचा माळ एकदां तरी मुलांसह पायीं पाहावा. मात्र अंडीं-पिलांचे दिवस असतील तेव्हां पायवाट सोडूं नये.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानेंच सर्वांस उठविलें. टिटवीच्या जागेपासून पन्नास पावलांवर तो थांबला आणि धाकट्यांचे हात धरून त्यांना मोठा वळसा घालून पलीकडे घेऊन गेला. मीं त्याला कांहींच सांगितलें नव्हतें.