खुराकाचा हिशेब

जत्रेतल्या कुस्त्यांवर मी बरीच वर्षं जगलो. इनामाचे आकडे अजून लोकांच्या तोंडी आहेत. खुराकाचे आकडे फक्त आमच्या घराला ठाऊक.

पोशेरा आमचं गाव, तिथे वरकस जमीन. नागली, वरई, थोडी खुरासणी, खाचरात जेमतेम भात. गोठ्यात डांगी गाय. ही जात पावसात, चिखलात कामाला पक्की. दूध मात्र वासराला पुरेल इतकंच. तालमीत गेलो तेव्हा वस्तादांनी अंगावर नजर फिरवली आणि म्हणाले, “हाड चांगलं आहे. पण दूध, तूप, बदाम कोण देणार?” दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी घरं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. दादा जायचाच. त्या वर्षापासून त्याच्या उचलीतला एक वाटा माझ्या बदामांना जाऊ लागला. वहिनीने कधी बोलून दाखवलं नाही.

नाशिकच्या बाजूच्या त्या तालमीत पहाटे चारला उठायचं. जोर, बैठका, मग लढत. माती खणून मऊ करायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालायचं. मेहनत झाली की कुंडी घेऊन बसायचं. भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी सोट्याने इतकं घोटायचं, की बोटांत घेतल्यावर रवा लागता कामा नये. सधन घरच्या पोरांच्या कुंडीत बदाम जास्त, माझ्या कुंडीत बडीशेप जास्त. वस्ताद बघायचे आणि स्वतःच्या डब्यातून मूठभर टाकून पुढे जायचे.

जत्रेची कुस्ती मॅटवरच्यासारखी नसते. मॅटवर वजनगट, गुण, घड्याळ. इथे पंच हात धरून हौद्याभोवती फिरवतो, इनाम पुकारलं जातं. समोरून कोणी उतरला की दोघांना शेजारी उभं करतात. दंड, मांड्या, मान बघतात. ‘जोड आहे’ असं ठरलं की सलामी. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर, शेवटची मानाची. निकाल चितपट. लांबली तर बरोबरीत सोडवतात आणि इनाम अर्ध्यावर येतं.

जव्हारला दसऱ्याच्या कुस्त्यांत माझी घोटीकडच्या एका पैलवानाशी जोड लागली. अंगाने तो माझ्याहून भरलेला. हलगी कडकडू लागली. त्याने मानेवर हात टाकून मला दाबत नेलं. मान दिली असती तर संपलंच होतं. मी खाली बसून पट काढला, मागे गेलो आणि तो उठायच्या आत घिस्सा मारला. पाठ लागली. मग रिवाजाप्रमाणे लोकांतून फिरलो. कोणी दहा, कोणी वीस देत होतं. आमच्याच भागातल्या एका म्हातारीने कमरेच्या पिशवीतून चुरगळलेली नोट काढून माझ्या मातीने भरलेल्या हातात कोंबली. तिच्या घरी त्या दिवशी चूल पेटली होती की नाही कोणास ठाऊक. इनामातून गाडीभाडं गेलं, किराणावाल्याची उधारी गेली. दादाच्या हातात काय ठेवलं ते सांगण्यासारखं नाही.

कुस्ती अशीच चालत आलीय, दुसऱ्याच्या पदरमोडीवर. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं. त्यांना तिकडे धाडायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. पदकावर नाव खाशाबांचंच, आणि ते योग्यच. पण मला ते घरही आठवतं.

पुढे गुडघा गेला आणि फड सुटले. खुराक बंद झाला, भूक मात्र तशीच राहिली. पैलवानाचं अंग निवृत्त होत नाही, हे तालमीत कोणी शिकवत नाही. भाताच्या दोन ताटांची सवय मोडायला कुस्तीहून जास्त जोर लागला.

२०२० च्या जानेवारीत अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचा हर्षवर्धन सदगीर महाराष्ट्र केसरी झाला. डोंगरातल्या गावाचा, भगूरच्या तालमीत तयार झालेला आणि नंतर पुण्याला काका पवारांकडे घडलेला. तेव्हापासून इकडची पोरंही विचारायला येतात, “दादा, आम्हाला जमेल का?” मी आधी घरात किती माणसं आणि दुभतं काय आहे ते विचारतो. पोरं हिरमुसतात. त्यांच्या आया मात्र लगेच उत्तर देतात.

आता आसपासच्या जत्रांत मला पंच म्हणून बोलावतात. मी नखं बघतो, हातातली कडी काढायला लावतो आणि हळूच विचारतो, “सकाळी काय खाल्लंस?” वरईचा भात खाऊन आलेल्या पोरासमोर थंडाई पिऊन आलेला उभा केला, तर दोघांची वजनं काट्यावर सारखी भरली तरी ती जोड नव्हे. कमिटीवाले कधी कुरकुरतात, कुस्ती रंगली पाहिजे म्हणतात. मी दुसरा पोरगा शोधतो. तो सापडेपर्यंत हलगीवाल्याला वाजवत ठेवायला सांगतो.