ओळंबा थांबेपर्यंत

आवाज अगदी एवढासा. पितळेचा वजनदार गोळा नव्या, ओल्या विटेला टेकला की होतो तो. टक. दोरी जराशी थरथरते, गोळा भिंतीपासून दूर जातो, परत येतो, पुन्हा टक, या खेपेला आधीपेक्षा हळू. मग नुसता स्पर्श, आणि मग काहीच नाही. त्या काहीच नसण्याची वाट बघत अण्णा परांचीवर उभे असायचे. एक डोळा मिटलेला, दोरीचा ठोकळा भिंतीच्या माथ्याला टेकवलेला, श्वाससुद्धा धरलेला. खाली घमेल्यातला माल आळत असायचा, मालक घाई करत असायचे, मी विटा भिजवता भिजवता पाण्यात होड्या सोडत असायचो. पण ओळंबा हलतोय तोवर अण्णा बोलत नसत. हलता ओळंबा काही सांगत नाही, म्हणायचे. तो थांबला की भिंत बोलते.

एवढं शांत असलेलं दुसरं काही मी पाहिलं नाही.

संध्याकाळी हातपाय धुऊन, कोपरापर्यंत चिकटलेलं सिमेंट नारळाच्या काथ्यानं घासून, अण्णा कंदिलासमोर बसत आणि पवित्र शास्त्र उघडत. काळी पाठ, कडांना विटलेला लाल रंग, आणि पानं इतकी पातळ की मागच्या बाजूची अक्षरं पुढच्या ओळींत सावलीसारखी उतरायची. अण्णांची बोटं चुन्या-सिमेंटानं फाटलेली. पान उलटताना ती कागदाला अडकायची, खरखर व्हायची. नगर जिल्ह्यातल्या आमच्या त्या वस्तीत घराघरांतून तेव्हा हीच वेळ असायची. कुणाच्या घरातून गीत ऐकू यायचं, कुणाच्या घरातून भाकरी थापटणारा हात. आमच्या घरी ती खरखर. तिच्याआधी मात्र क्षणभर काहीच नसायचं. पुस्तक मांडीवर ठेवून अण्णा डोळे मिटत आणि थांबत. परांचीवर थांबत अगदी तसेच.

आमोस त्यांचा फार लाडका. तकोवाचा मेंढपाळ, उंबरांची राखण करणारा, संदेष्ट्यांच्या घराण्यातला नसलेला माणूस. त्याला दर्शनात भिंतीपाशी ओळंबा धरून उभा असलेला प्रभू दिसतो, हे अण्णांना आपल्या धंद्याचा मान झाल्यासारखं वाटायचं. एकदा पाळकसाहेबांनी जेवताना सांगितलं की तिथला मूळ इब्री शब्द मोठा कोड्यात टाकणारा आहे, पुष्कळ पंडितांच्या मते त्याचा अर्थ कथील. आईनं वाढता वाढता हात थांबवला. अण्णांनी घास संपवला आणि म्हणाले, "कथलाचा का असंना साहेब, खाली वजन पाहिजे."

हे पुस्तक आमच्या भाषेत आलं कसं, याची मला पुढे वाचनाच्या वयात उत्सुकता लागली. 1811 साली मराठी नवा करार श्रीरामपूरला छापला गेला असं वाचलं, तेव्हा कितीतरी दिवस मी आमच्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या श्रीरामपूरला मनोमन नमस्कार करत होतो. ते श्रीरामपूर बंगालमधलं, विल्यम केरींचं, हे कळलं तेव्हा जरा हिरमुसलोच. आईचं पुस्तकाशी नातं मात्र माझ्यासारखं छापील नव्हतं. तिची आजी मध्य प्रांतातल्या दुष्काळातून पोरकी होऊन दौंडजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात आलेली. 1905 च्या पावसाळ्याच्या तोंडाशी तिथल्या मुलींमध्ये जी जागृती झाली, प्रार्थना करता करता मुली मोठमोठ्यानं रडू लागल्या, आपापली पापं सांगू लागल्या, ती पणजीनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली. रडण्याचं ती फारसं सांगायची नाही म्हणे. सांगायची ती सुईचं. शिवणाच्या वर्गातून तिनं एक सुई उचलली होती, ती नेऊन परत ठेवली. "रडल्या तर सगळ्याच," आई तिचं बोलणं जसंच्या तसं सांगायची, "पण सुई ठेवली तवा झोप लागली." ज्या बाईंनी त्या मुलींना सांभाळलं, त्यांनीच उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत उतरवलं, आणि ते काम हातावेगळं होत असतानाच 1922 च्या एप्रिलमध्ये डोळे मिटले. आईला त्यांच्याविषयी बोलताना डोक्यावरचा पदर सावरायची सवय होती.

पश्चात्ताप. आपल्या भाषेनं या शब्दात ताप ठेवला आहे, मागाहून येणारा. ताप येतो, अंग भाजतं, मग उतरतो. उतरला की माणूस पूर्वीसारखा हिंडू लागतो, आणि इथंच मला या शब्दाची थोडी भीती वाटते. इब्रीत त्यासाठी जो शब्द आहे त्याचा साधा अर्थ मागे फिरणं, पायांनी, आलेल्या वाटेनं. ग्रीक शब्दात मन पालटतं. आमच्याकडे काळीज भाजतं. तुकोबांच्या मराठीला अनुताप ओळखीचा होता, आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं रेव्हरंड टिळक म्हणत, ते मला या शब्दाशी थांबलो की नेहमी आठवतं. त्या पुलाखालून वाहणारं पाणी गरमच असणार. पण भाजलेल्या काळजानं फिरायचं कुठे, किती पावलं, हे मी शिकलो ते शब्दकोशातून नाही. आमच्या घराच्या ओट्यावरून शिकलो.

1974 सालची गोष्ट. सिमेंट परमिटवर मिळायचं, आणि ते मिळवणं गवंड्याच्या हातातलं नव्हतं. आमच्या दाराशी तेव्हा नुसता मुरमाचा उंचवटा होता, पावसाळ्यात त्याचा चिखल व्हायचा आणि आई रोज तो पोतेऱ्यानं सारखा करायची. एका दिवाळीआधी अण्णांनी ओटा बांधला. गुळगुळीत, राखी, कडेला अंगठ्यानं ओढलेली नक्षी. आम्ही पोरं त्यावर पालथी पडून गाल टेकवायचो, गार लागायचा. सिमेंट कुठून आलं, हे आईनं विचारलं नाही. तिला ठाऊक असावं. मला नव्हतं.

मग एका संध्याकाळी वाचन चालता चालता लूक आला, आणि लुकात जक्कय. ठेंगणा जकातदार, झाडावर चढलेला. आम्हा पोरांची ही लाडकी गोष्ट. अण्णा "खाली उतर" म्हणायचे तेव्हा आम्ही खरंच खाटेवरून उड्या टाकायचो. त्या दिवशी अण्णा झाडापर्यंत आले, खाली उतरले, जक्कयाच्या घरात शिरले आणि जिथं तो उभा राहून लुबाडलेलं चौपट परत करीन म्हणतो, तिथं थांबले. बोट पानावर तसंच. कंदिलाची काच तडतडली. खूप वेळानं त्यांनी पुस्तक मिटलं, प्रार्थना न करताच, आणि बाहेर गेले. ओट्यावर बसले नाहीत. अंगणात उभे राहिले.

रात्री मी जागा होतो. आई-अण्णांचं कुजबुजणं मला आयुष्यभर पुरलं आहे.

"एक पोतं," अण्णा म्हणाले. "वाड्याच्या कामातलं."

आई गप्प.

"चार द्यावी लागतील."

"चार कशानं?" आई उठून बसली. "गणनात बघा. आपल्या तोंडानं कबूल केलं तर घेतलेलं द्यायचं आन् वर पाचवा हिस्सा. मोशेचं नेमशास्त्र हाय, मी सांगत न्हाई."

"जक्कयानं चौपट दिलं."

"जक्कय श्रीमंत व्हता."

हसू आलं मला तेव्हा पांघरुणात. आता येतं तेव्हा सोबत दुसरंही काही येतं. दोन माणसं, एका खोलीच्या घरात, अंधारात, आपण किती कमी वाकलो तर चालेल आणि किती जास्त वाकायला हवं याचा हिशेब एका पुस्तकाला साक्षीला ठेवून करत होती; आणि दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की त्या मालकाला काही माहीतच नाही, तेव्हा गप्प बसावं.

शेवटी किती ठरलं ते मला नीट कळलं नाही. अण्णा सकाळी वाड्यावर गेले आणि दुपारपर्यंत आले नाहीत. पुढं हिवाळाभर शनिवारी ते त्या वाड्याच्या कुंपणाची भिंत बिनमजुरीनं बांधत राहिले. आई दाराआड खडूनं रेघा ओढायची. रेघा संपेपर्यंत ती ओट्यावर बसली नाही. निवडणं, टिपणं, वेणीफणी, सगळं खालच्या दगडी पायरीवर. आम्ही वरती गाल टेकवून पडलेलो आणि ती खाली सुपात तांदूळ पाखडतेय, असं ते चित्र आहे. एका शनिवारी अण्णा आले, तिनं सोळावी रेघ ओढली, सूप उचललं आणि एक पायरी चढून वर बसली. कुणी काही बोललं नाही. अण्णांनी तंबाखू मळली.

मालकांनी पुन्हा कधी अण्णांना काम दिलं नाही, हेही सांगायला हवं. गावात चर्चा झाली, दोन-तीन मोठी कामं गेली. कबूल करणाऱ्यावर लोकांचा विश्वास वाढतो असं आपल्याला वाटतं; तसं होतंच असं नाही.

माझ्या पिढीला शास्त्र म्हटलं की लगेच वाद सुचतात, मलाही सुचतात. पण अण्णांचा भरवसा भोळा नव्हता. त्यांच्या बायबलात समासात पेन्सिलीची प्रश्नचिन्हं आहेत, काही पानांवर दोन-दोन. न कळलेलं ते न कळलेलं म्हणून ठेवत. ओळंबा घर कसं बांधायचं ते सांगत नाही, खिडकी कुठं, चूल कुठं, ते तुम्ही बघा. भिंत कललीय एवढंच तो सांगतो, आणि तेवढं खोटं सांगत नाही. आणखी एक. दुसऱ्या गवंड्याच्या भिंतीला त्यांनी आपला ओळंबा कधी लावला नाही. मी मात्र अशी माणसं पाहिली आहेत, भर मंडळीत, जी हे पुस्तक खिशातून काढतात ते शेजाऱ्याची भिंत तपासायलाच.

आता माझी भिंत.

अण्णा 2001 साली गेले. दिवसकार्य नव्हतंच आमच्यात, चौथ्या दिवशी स्मरणाची प्रार्थना झाली, पाहुणे पांगले, आणि ताईनं विचारलं, "अण्णांचं शास्त्र कुठंय रं?" ते माझ्या पुण्याला न्यायच्या पिशवीत होतं. मला ती प्रश्नचिन्हं हवी होती. ती खरखर हवी होती. मी म्हणालो, "वाळवी लागली होती ताई, पाकं गेलं. टाकून दिलं."

ती एवढंच म्हणाली, "बरं."

बावीस वर्षं ते पुस्तक माझ्या कपाटात टॉवेलात गुंडाळून होतं. मी ते वाचू शकलो नाही, हे वेगळं सांगायला नको. प्रार्थना चालू होत्या, उपासनेला जात होतो, प्रभुभोजन घेत होतो, डोळ्यांतून पाणीही यायचं कधीकधी. ताप यायचा, उतरायचा. मग एका उन्हाळ्याच्या दुपारी जुनी बिलं शोधताना वरच्या फळीवरची पिशवी कलंडली आणि अण्णांचा ओळंबा फरशीवर पडला, दोरीसकट, घरंगळत भिंतीपाशी गेला.

टक.

मी तिथंच बसलो फरशीवर. किती वेळ ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशीची एसटी. ताई आता त्याच घरात एकटी राहते. ओट्याला तडे गेलेत, कडेची अंगठ्याची नक्षी मात्र शाबूत आहे. उन्हं कलली होती, ती लसूण सोलत बसली होती. मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं हात पदराला पुसले, काळ्या पाठीवरून फिरवले, उघडलं, एक पान उलटलं, दुसरं उलटलं. तिच्याही बोटांना भेगा आहेत. तीच खरखर. मी काय काय बोलणार होतो, एसटीत चार तास जुळवत आलो होतो, त्यातलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. मी फक्त म्हणालो, "ताई, मी खोटं बोललो होतो."

तिनं वर पाहिलं नाही. पानं उलटत राहिली, लुकापर्यंत गेली असावी.

"वाळवी शिकलेली दिसती," ती म्हणाली. "एक पान खाल्लं न्हाई."

मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि आम्ही दोघंही हसलो की रडलो ते नीट सांगता येणार नाही. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि आईच्या आवाजात विचारलं, "आन् पाचवा हिस्सा?"

मी पिशवीत हात घातला आणि ओळंबा काढून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो तोलून पाहिला. उठली, दाराच्या चौकटीशी जाऊन ठोकळा वर टेकवला, दोरी सोडली. गोळा हेलकावे खाऊ लागला, लाकडाला लागला, दूर गेला, पुन्हा लागला. लसणाचा वास होता, वस्तीत कुठंतरी भाकरी थापटत होत्या. ताईनं एक डोळा मिटला.

आम्ही थांबलो.