‘तिला काय कळते?’

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाल बाजारात, आमची ही तिसरी पिढी. खाली रस्त्यावर पोत्यांची चढउतार, हातठेल्यांची गर्दी, पल्लेदारांच्या हाका; वर माडीवर दुपारी आमचे डाळ निवडणे चालते. समोर दीड वर्षाची नात खेळत असते.

खडा सापडला की आम्ही तो बाजूला टाकतो. नात त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पण सूप कलून चार दाणे सांडले, की तुरुतुरु येऊन ती ते वेचते आणि सुपात आणून घालते. टाकलेले कोणते नि सांडलेले कोणते, हे तिला कोणी शिकवले?

लाइपझिगच्या वॉर्नेकन व टोमासेलो या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याच प्रकारचे होते. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू निसटली, तर १८ महिन्यांची मुले ती उचलून देत. त्याने ती मुद्दाम फेकली, तर सहसा देत नसत. म्हणजे धड बोलता न येणारे मूलही नुसती हाताची हालचाल पाहत नाही, तिच्यामागचा हेतू ओळखते. चेहरा वाचणे तर त्याआधीच सुरू होते. १९८५ सालच्या एका अमेरिकी प्रयोगात वर्षाच्या मुलांपुढे काचेखाली खोल भासणारी पायरी होती. पलीकडे आईचा चेहरा हसरा दिसला, तेव्हा १९ पैकी १४ मुले ती ओलांडून गेली. भेदरलेला दिसला, तेव्हा १७ पैकी एकही नाही.

हे वाचून ठाऊक असूनही, ‘तिला काय कळते?’ म्हणत आम्ही तिच्यादेखत काय काय बोललो! गेल्या श्रावणात घराच्या वाटणीचा विषय निघाला. दोघे मुलगे हळू आवाजात, हसतमुखाने बोलत होते; आम्हीही हसतच मान डोलवीत होतो. सूप मांडीवर, पण हात थांबलेला. नात खेळ सोडून आली. तिने बापाकडे पाहिले, काकाकडे पाहिले, मग बराच वेळ आमच्या तोंडाकडे. मग ती सुपाभोवती जमिनीवर शोधू लागली. तिथे काहीच सांडलेले नव्हते. तेव्हा सुपातलीच मूठभर डाळ घेऊन तिने ती आमच्या हातावर ठेवली.

आजीच्या हातून काहीतरी निसटते आहे, एवढे त्या खोलीत तिला एकटीलाच कळले होते.

वाटणी व्हायची ती झाली. ‘तिला काय कळते?’ हे वाक्य मात्र त्या दिवसापासून आम्ही टाकले.