वाडीच्या कडेकडेने

रविवारी पहाटे पावणेसहाला मी पापडीहून सायकल काढतो. नाक्यावरची दुकाने अजून मिटलेली असतात, रिक्षा रांगेत झोपलेल्या असतात, आणि रस्त्यावर असतो तो फक्त पाववाला. त्याच्याही सायकलच्या मागे टोपली. आम्ही एकमेकांना हात करतो. तो कामाला निघालेला असतो आणि मी हौसेला, हा फरक दोघांनाही ठाऊक असतो. पण पहाटेच्या अंधारात तो तितकासा टोचत नाही.

अवर लेडी ऑफ ग्रेस कॅथेड्रल मागे टाकून बंगली, सांडोर, मग गिरिज आणि तिथून पश्चिमेला भुईगावचा किनारा. अंतर म्हणाल तर फार नाही. पट्टीच्या सायकलस्वाराचे पायही गरम व्हायचे नाहीत. परंतु हा रस्ता अंतर कापण्यासाठी नव्हेच. तो सरळ जात नाही. कुणाच्या केळीची बाग आली की डावीकडे वळतो, कुणाची विहीर आली की उजवीकडे. वाड्या आधी झाल्या आणि त्यांच्या बांधाबांधाने चालणाऱ्या माणसांच्या पायांनी हा रस्ता नंतर झाला, हे त्याच्या प्रत्येक वळणावरून कळते. दोन्ही बाजूंना कुंपणे, कुंपणावरून बाहेर डोकावणारी केळीची पाने, मध्येच एखादा क्रूस, एखादे तुळशीवृंदावन. वाऱ्याला ओल्या मातीचा वास. आणि शांतता.

ह्या शांततेविषयीच लिहायचे आहे.

माझा एक शाळासोबती नोकरीनिमित्त स्पेनला स्थायिक झाला. तोही सायकल चालवतो. गेल्या हिवाळ्यात त्याने आंदालुसियातील ऑलिव्हच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्याची छायाचित्रे पाठवली. क्षितिजापर्यंत राखाडी-हिरव्या झाडांच्या रांगा, मधून डांबराची एक पट्टी, आणि माणूस एकही नाही. खाली त्याने लिहिले होते, 'तीन तासांत कुणी भेटले नाही.' मी मोठ्या तोऱ्यात उलट कळवले, 'आमच्या वसईतही अगदी असेच.' उत्तर धाडले आणि मग दिवसभर ते मलाच खटकत राहिले.

कारण ते खरे नव्हते. ऑलिव्हचे झाड शेकडो वर्षे जगते. कोरड्या उन्हाळ्याला ते सरावलेले असते. पणजोबाने लावलेल्या झाडाची फळे पणतू काढतो. काढणीचे आणि छाटणीचे दिवस सोडले तर अशा बागेत माणूस दिसला नाही तरी बाग बागच राहते. केळीचे तसे नाही. केळ एकदाच फळते. घड उतरवला की ते झाड संपले. ते तोडायचे, बाजूला फुटलेल्या मुनव्यांतला एक चांगला राखायचा, बाकीचे काढायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. नागवेल तर त्याहून हळवी. तिला ऊन बेताने, वारा बेताने, पाणी वेळच्या वेळी. वसईची वाडी दिसते पुरातन, पण तिच्यातले पुष्कळसे हिरवेपण जेमतेम वर्षभराचे असते. दरवर्षी कुणीतरी ते नव्याने लावलेले असते. दोन वर्षे हात काढून घेतला तर तिथे रान माजते, आणि रान माजलेल्या जमिनीला गिऱ्हाईक लगेच मिळते.

म्हणजे मी ज्याला शांतता म्हणत होतो ती मुळात शांतता नव्हतीच. कान देऊन ऐकले तर त्या पहाटेत पंपाची घरघर असते, पाटातून धावणारे पाणी असते, वाळल्या सोपटांवर कोयता चालत असतो. पूर्वी तिथे बैलाच्या रहाटाची करकर होती. रस्त्यावर वर्दळ नाही, कारण माणसे वाडीत आहेत. आणि माणसे वाडीत आहेत म्हणूनच वाडी आहे.

ह्या सगळ्याच्या मुळाशी बावखल. वसईबाहेरच्या वाचकासाठी सांगतो : बावखल म्हणजे वाडीच्या सखल भागात खणलेले तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जिरते, आजूबाजूच्या विहिरींना भरते. समुद्र इतका जवळ असूनही विहिरीचे पाणी गोडे राहते ते जमिनीत मुरलेले गोडे पाणी खाऱ्याला मागे रेटते म्हणून. हा तोल नाजूक असतो. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात इमारतींची लाट आली, टँकरांनी विहिरींचा बेसुमार उपसा सुरू झाला आणि वाड्यांना खाऱ्या पाण्याची धास्ती पडली. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. पुढे २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते गेले. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा तिच्यातून गावे वगळावीत म्हणूनही लोक रस्त्यावर उतरले. मी ज्या अरुंद रस्त्यांवरून मजेत सायकल हाकतो, ते अरुंद राहिले आहेत ते कुणीतरी त्यांच्यासाठी भांडले म्हणून.

इथवर लिहिणे सोपे होते. आता आमच्या घराचे.

पापडीला आमचीही वाडी होती. मोठी नव्हे, काही माड, राजेळीची केळी, थोडी नागवेल आणि एका कोपऱ्यात बावखल. आजी राजेळी सोलून उन्हात घाली आणि सुकेळी करून बांधून ठेवी. उन्हाळ्यात बावखलाचा गाळ काढून माडांच्या बुंध्याशी टाकत, ते काम आम्हा पोरांना आवडे. वडील नोकरीला लागले, त्यांचे लक्ष उडाले. काकांनी एकट्याने पंधराएक वर्षे वाडी ओढली. मग एका पावसाळ्यात काकू रात्री आजारी पडल्या. वाडीच्या तोंडापर्यंत रुग्णवाहिका येईना. काकांनी आणि शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून चिखलातून मोठ्या रस्त्याला आणले. काकू वाचल्या. पण त्यानंतर काकांनी वाडीचे नाव टाकले. मी त्या वेळी त्यांच्याशी वाद घातला होता. 'काका, निदान बावखल तरी ठेवा,' म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, 'तू ठेव. उद्यापासून पाणी लावायला ये.' मी गेलो नाही. मला आठ बावीसची गाडी पकडायची असे.

वाडीच्या जागी चार मजल्यांची इमारत झाली. वाट्याला आलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत मी राहतो. बावखल होते त्या कोपऱ्यावर आता वाहनतळ आहे. जुलै २०१८च्या पावसात वसई-नालासोपारा पाण्याखाली गेले, रेल्वे थांबली, वीज गेली. त्या दिवसांत आमच्या वाहनतळात गुडघाभर पाणी होते. शेजारी महापालिकेला नावे ठेवीत होते. मी गॅलरीतून खाली पाहत होतो. पाणी चुकून आले नव्हते. त्याला आपली जागा आठवत होती. त्याच पावसाळ्यानंतर मी सायकल घेतली.

तेव्हा रविवारचा हा फेरा निव्वळ व्यायाम नाही, हे मला कळते. आपण मोडलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी शाबूत आहे ना, हे पाहून येण्यासारखे ते आहे. आणि त्यात एक अप्पलपोटेपणाही आहे. रस्ता रुंद होऊ नये असे मला वाटते. मात्र त्या रस्त्यावरच्या कुणाला रात्री खुर्चीतून उचलून न्यावे लागले तर खुर्ची धरायला मी तिथे नसणार.

भुईगावला पोचेपर्यंत उजाडते. वाड्या एकाएकी संपतात, सुरूची झाडे लागतात, त्यांच्यातून वाऱ्याचा एक सलग सूर येत असतो. ओहोटी असेल तर समुद्र फार दूर गेलेला असतो. मी सायकल झाडाला टेकवतो, थर्मासातला चहा पितो आणि परततो.

गेल्या महिन्यात परतताना गिरिजजवळ चेन उतरली. वाडीच्या दांडीवर एक वृद्ध गृहस्थ पाटाचे दार फिरवत होते. त्यांनी हात धुवायला पाणी दिले. बोलणे वाडवळीत झाले. इथे प्रमाण मराठीत देतो.

'दर रविवारी दिसता,' ते म्हणाले. 'कुठले?'

'पापडीचा.'

'वाडी आहे?'

'होती.'

'बावखल?'

'त्याच्यावरच राहतो.'

ते हसले. हसण्यात टोमणा नव्हता. बहुधा असे उत्तर त्यांनी आधीही ऐकले असावे. फावड्याने मातीचा एक ढेकूळ लोटून त्यांनी पाणी दुसऱ्या आळीकडे वळवले आणि म्हणाले, 'मग पावसात सांभाळा.'

मी चेन चढवली आणि निघालो. वळणापर्यंत मागून पाण्याचा आवाज येत होता.