काळोखातले तीन फोटो

रविवारची दुपार. जेवण अंमळ जास्त झालेलं. लॅपटॉपवर एक फोल्डर उघडून बसलोय, त्यात तीन फोटो आहेत आणि त्यातला एक रात्री बाराच्या आत पाठवायचाय. सकाळपासून हेच चाललंय. बायको दोनदा डोकावून गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "तिन्ही काळेच तर आहेत, कुठलाही पाठव!"

तर झालंय असं, की ऑफिसमधे आमचा फोटोवेड्यांचा एक कंपू आहे. दर महिन्याला एक विषय ठरतो, प्रत्येकाने एकच फोटो द्यायचा. क्रॉप करा, एक्स्पोजर-काँट्रास्टची थोडी डागडुजी करा, पण दोन फोटो जोडायचे नाहीत. बक्षीस म्हणाल तर बाकीच्यांनी पाजलेली कॉफी. तरी मंडळी अप्रेझल असल्यासारखी हिरीरीने भांडतात. या महिन्याचा विषय 'लो-की'. विषय जाहीर झाल्यावर एका नव्या मेंबराने निरागसपणे विचारलं, "म्हणजे गाजावाजा न करता काढलेला फोटो का?"

तसं नाही. स्टुडिओत जो मुख्य दिवा असतो तो की लाइट आणि त्याने पडलेल्या सावल्या भरून काढायला दुसरा मंद दिवा लावतात तो फिल लाइट. फिल भरपूर दिला की सगळं उजळ, लख्ख, साबणाच्या जाहिरातीसारखं, ते हाय-की. फिल जवळजवळ काढूनच घेतला की सावल्या काळ्याभोर राहतात आणि की लाइट जिथे पडेल तेवढंच दिसतं, ते लो-की. काराव्हाज्जो आणि रेम्ब्रां ही मंडळी कॅमेरा यायच्या दोनशे वर्षं आधी हेच करत होती. आपल्याकडे व्ही. के. मूर्तींनी 'कागज के फूल'मधे (१९५९) स्टुडिओच्या काळोखात आरशांनी ऊन वळवून प्रकाशाचा तो प्रसिद्ध झोत पाडला, तो आजही बघताना अंगावर काटा येतो.

यात गोची अशी आहे की कॅमेऱ्याला काळोख आवडत नाही. समोर जे काही असेल ते सरासरी मध्यम राखाडी असणार, असं त्याचा मीटर गृहीत धरून चालतो. काळी म्हैस दाखवा, तो तिला राखाडी करणार. तिच्या पाठीवरचा बगळा दाखवा, तोही राखाडी. त्यामुळे काळं काळं हवं असेल तर ऑटो मोड सोडून आपण स्वतः सांगावं लागतं. आणि नुसता अंडरएक्स्पोज झालेला फोटो म्हणजे लो-की नव्हे, हे आमच्या कंपूतल्या निम्म्या लोकांना अजून पटवायचंय. उजेड जिथे आहे तिथे तो नीटच पडलेला हवा. असो.

फोटो नंबर एक: समई. यासाठी मी मीटरभर काळी मखमल आणली, हॉलमधल्या डायनिंग टेबलावर पसरली, सगळे दिवे बंद करून एका बाजूने टॉर्च धरला. तीन तास गेले, मखमलीवर तेलाचे डाग पडले ते वेगळेच. फोटो तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे. पितळेच्या कडेवर प्रकाशाची बारीक रेघ, पाच ज्योती, बाकी मिट्ट. हिस्टोग्राम पाठ्यपुस्तकात छापावा असा. आणि बघून काहीही होत नाही. शिवाय लो-की म्हटल्यावर किमान सहा जण दिवा-पणती-मेणबत्ती पाठवणार यावर मी पैज लावायला तयार आहे.

फोटो नंबर दोन: रात्री अडीच वाजता रिलीजच्या वेळी टिपलेला माझा सहकारी. सगळ्या फ्लोअरवर अंधार, त्याच्या चेहऱ्यावर फक्त मॉनिटरचा निळसर उजेड. हाच पाठवायचा असं जवळपास ठरलं होतं. मग शंभर टक्क्यांवर झूम करून पाहिलं तर त्याच्या चष्म्याच्या काचेत क्लायंटच्या सर्व्हरचा लॉग उलटा पण व्यवस्थित वाचता येतोय! नोकरी प्यारी आहे. बाद.

उरला तीन नंबर.

हा मे महिन्यात गावी काढलेला. गुहागर तालुक्यात आमचं जुनं जांभ्याचं घर आहे. काका-काकू आणि आजी तिथे असतात. स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला, खिडकी एकच आणि तीही फुटभर. आता गॅस आहे, पण साठ-सत्तर वर्षं चुलीचा धूर खाल्लेल्या भिंती आणि वासे कितीही रंगवले तरी काळेच राहिलेत. छपराला मंगलोरी कौलं आणि त्यांत मधेच एक काचेचं कौल. सकाळी दहाच्या सुमारास त्यातून जमिनीवर कवडसा उतरतो, वहीच्या पानाएवढा, आणि दुपारपर्यंत हळूहळू सरकत जातो.

आजी चौऱ्याऐंशीची आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ती करू देत नाही. रोज सकाळी ती पाट घेऊन त्या कवडशाशी बसते आणि सुपात तांदूळ निवडते. निवडताना कवडसा सरकला की ती पाटही सरकवते. अर्ध्या तासात पाट दोनदा तरी हलतो. मी हे लहानपणापासून बघत आलोय, पण आजी उजेडाच्या मागे मागे जातेय हे माझ्या डोक्यात या मे महिन्यापर्यंत कधी आलंच नव्हतं.

पहिला फोटो ऑटोवर काढला आणि कॅमेऱ्याने आपला धर्म पाळला. स्वयंपाकघर राखाडी, सूप म्हणजे एक पांढरा भगभगीत ठिपका. मग मीटर फक्त सुपावर लावून पाहिला. कवडशातला उजेड आणि कोपऱ्यातल्या हंड्यांवरचा उजेड यांत जवळजवळ दहा स्टॉपचं अंतर होतं. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, म्हणजे दहा स्टॉप म्हणजे १०२४ पट. (सवयीने लगेच एक किलोबाइट आठवला.) एवढं अंतर असल्यावर काळी मखमल लागतेच कशाला? उन्हापुरतं एक्स्पोजर ठेवलं, आयएसओ २००, एफ/४, सेकंदाचा हजारावा भाग, आणि सगळं स्वयंपाकघर आपोआप काळोखात बुडालं.

पण खरी मजा मला नंतर, मोठ्या स्क्रीनवर कळली. ऊन आजीच्या चेहऱ्यावर पडतच नाहीये. ते पडलंय सुपावर, तिच्या बोटांवर. चेहऱ्यावर जो मऊ उजेड आलाय तो सुपातल्या तांदळांवरून परतून आलेला! सुब्रत मित्रांनी 'अपराजितो'साठी (१९५६) सेटवर पांढरं कापड ताणून त्यावरून दिव्यांचा उजेड परतवला आणि बनारसच्या घरातला आभाळाखालचा मऊ प्रकाश उभा केला, हे मी मोठ्या कौतुकाने मित्रांना सांगत असतो. इथे आजीने शेरभर तांदळात तेच काम केलं होतं. आणि नेमकी तिने पाखडायला सुरुवात केली, कोंडा उडाला, तेव्हा वरून उतरणारा झोत दिसायला लागला. तोच हा फोटो. हनुवटीखालून उजळलेला चेहरा, खाली झुकलेले डोळे, बोटं, तांदूळ, आणि वर तिरकी धुरकट पट्टी. बाकी काही नाही.

दोष आहेत. फोकस किंचित हुकून कानाशी गेलाय. डावा हात अर्धा कापला गेलाय. तरी तिन्हींत हाच.

मग पाठवला का नाही? कारण काल रात्री फोनवर बाबांना दाखवला.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं आवडला. मग म्हणाले, "ट्यूब कुठे गेली?"

"बंद केली होती."

"का?"

मी फिल लाइट वगैरे सांगायला लागलो. त्यांनी मधेच तोडलं. "लोकांना वाटेल, याच्या घरात अजून वीज नाही. म्हातारीला काळोखात बसवलीय."

इथे थोडा इतिहास. आमच्या घरी वीज आली १९८३ मधे. बाबांची दहावी त्याआधीची, पूर्ण कंदिलावर. काच पुसायचं काम त्यांचं होतं आणि काच तडकली की ओरडाही त्यांनाच. पुढे मुंबईला नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून त्यांनी घरी एक ट्यूब बसवली. गावात तेव्हा ज्यांच्याकडे ट्यूब आली त्यांनी ती ओटीवर लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. बाबांनी ती स्वयंपाकघरात लावली, आजीसाठी. आता तिथे एलईडीची पट्टी आहे, पण घरात सगळे तिला ट्यूबच म्हणतात. ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय. आणि फोटो चांगला यावा म्हणून मी नेमकं ते बटण बंद केलं होतं.

मी म्हटलं, "पण बाबा, आजी तिथेच बसते रोज. उजेडासाठीच बसते."

"उजेडासाठीच ट्यूब लावलीय ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या काळोखातून ते बाहेर पडले, तो मला सुट्टीत जाऊन बघायला छान वाटतो, हे मला कळत होतं. माझ्या फ्लॅटमधे बटणं अठरा आहेत. मला काळोख विकत आणावा लागतो, मीटरच्या भावाने, मखमलीच्या दुकानातून.

रात्री त्यांचं समाधान करावं म्हणून एक प्रयोग केला. रॉ फाइल उघडली आणि सावल्या तीन स्टॉपने वर खेचल्या. काळोखातून एकेक वस्तू बाहेर यायला लागली. निळा प्लास्टिकचा पिंप, भिंतीवरचं 'कालनिर्णय', सिलिंडर, काकूने खुंटीला अडकवलेली रेशनची पिशवी, आणि वर कोपऱ्यात ती ट्यूब. सगळ्यावर लाल-हिरव्या नॉइजची पुरळ उठल्यासारखी. आजी त्या पसाऱ्यात शोधावी लागत होती. सेव्ह न करता बंद केलं.

आज सकाळी काकांना फोन लावला आणि आजीला द्यायला सांगितलं. खरं तर ज्या माणसाचा फोटो त्याला सोडून मी बाकी सगळ्यांना विचारत बसलो होतो.

"आजी, तुझा तांदूळ निवडतानाचा फोटो स्पर्धेत देऊ का?"

"कसला फोटो? तू ते डबडं डोळ्याला लावून बसला होतास तेव्हाचा? अरे, लुगडं जुनं होतं रे ते."

"काळोख आहे, लुगडं दिसत नाही."

"मग दे. तांदूळ दिसतायत का?"

"एकेक दाणा दिसतोय."

"खडा नाही ना राहिला कुठे?" आणि स्वतःच हसली.

मग मी हळूच विचारलं की ट्यूब असताना ती कवडशाशी का बसते. ती म्हणाली, "ट्यूब पाठीमागून पडते. माझ्याच डोक्याची सावली सुपात. खडा दिसायचा कसा?" आणि मग जरा आवाज खाली करून, "तुझ्या बाबाला नको हो सांगूस. हौसेने लावलीन त्याने. मी आपली सकाळी उठले की आधी लावून ठेवते."

चाळीस वर्षांत तिने हे त्यांना सांगितलं नव्हतं. आणि मी ती ट्यूब बंद करून तिचा फोटो काढला, तेव्हाही ती काही बोलली नव्हती.

आता हे बाबांना सांगायचं नाही, म्हणजे माझा एकमेव मुद्दाही गेला. दुपारी पुन्हा फोन केला. आजीची परवानगी आहे एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "तिचं काय, ती कशालाही हो म्हणते." मग थोडं थांबून, "फोटो चांगला आहे. मला कळतं ते. आईचे हात तसेच दिसतात, अगदी. पाठव तुला पाठवायचा तर. पण खाली लिही कुठेतरी, घरात ट्यूब आहे म्हणून."

कंपूच्या नियमात फोटोखाली टीप लिहायची सोय नाही. फक्त शीर्षक द्यायचं. मी आधी 'कवडसा' असं देणार होतो. त्या नावाचे आणखी दोन फोटो येणार हे नक्की, पण तेवढ्यासाठी बदललं नाही.

आत्ता संध्याकाळचे सव्वासात झालेत. क्रॉप थोडा घट्ट केला, डावीकडचा पिंपाचा निळा अंश घालवला. फोकस कानावर आहे तो आहे. बायको तिसऱ्यांदा डोकावली, या वेळी उभी राहून नीट पाहिलं आणि म्हणाली, "अय्या, या आजी आहेत होय!" फोटो अपलोड केला, शीर्षकाच्या चौकटीत 'ट्यूब बंद करून' असं टाइप केलं आणि पाठवून दिला.