लाल हापशाचं वरण

इस्लापूरला मी सहस्रकुंडासाठी गेलो होतो. पैनगंगा तिथे काळ्या कातळावरून कोसळते. एक काठ मराठवाड्याचा, दुसरा विदर्भाचा. जानेवारीत धारा बारीक होतात, पण मला त्या तशाच आवडतात. श्रावणातली गर्दी आणि फोटोंची झुंबड मला सोसत नाही. दोन दिवस मनसोक्त बसलो. सांगायचं आहे ते मात्र तिसऱ्या दिवशी जेवलेल्या वरणाबद्दल.

माझा एक वर्गमित्र भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत भूवैज्ञानिक आहे. तो त्याच भागात फिरतीवर होता. म्हणाला, "धबधबा पाहिलास ना? आता चल, विहिरी बघू." बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपास उभं राहिलेलं हे खातं मला माहीत होतं ते 'बोअर कुठं घ्यायचं ते सांगणारे लोक' एवढंच. राज्यभरात हजारो विहिरी निरीक्षणासाठी नेमून दिल्या आहेत आणि पावसाळा सरल्यावर, मग जानेवारी, मार्च, मे अशी वर्षातून चारदा त्यांची पाणीपातळी मोजतात, हे मला जीपमध्ये बसल्यावर कळलं.

पहिली विहीर नाल्याकाठची, जुनी, दगडी बांधकामाची. कठड्यावर रंगाने क्रमांक घातलेला. मित्राने ठरल्या खुणेवर टेप टेकवून आत सोडली. खाली पाण्याला वजन लागल्याचा हलका आवाज आला. सहा मीटर वीस. त्यातून कठड्याची उंची वजा केली आणि आकडा वहीत उतरवला. मी विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं. मार्चला परत इथंच. जागा बदलली तर मागच्या आकड्याला अर्थ राहत नाही." त्या एका वाक्याने मला त्याच्या कामाबद्दल आदर वाटला. पाऊस किती पडला हे सगळे सांगतात. त्यातला किती जमिनीच्या पोटात राहिला, हे असं ओणवं होऊन कुणीतरी पाहावं लागतं.

पुढच्या वस्तीवर एक हापसा होता, दांड्यापासून बुडापर्यंत लाल रंगवलेला. वस्तीचं नाव मुद्दामच सांगत नाही. लाल रंग म्हणजे पाणी पिण्याजोगं नाही. आणि त्या हापशावर तीन घागरी रांगेत होत्या.

जमिनीतलं पाणी म्हणजे निवळशंख पाणी, ही माझी लहानपणापासूनची श्रद्धा. शाळेतून येताना हापशाला तोंड लावून वाढलेला माणूस मी. बाटलीबंद पाण्याचा मला राग येतो. त्यामुळे तो लाल रंग मला एखाद्या शिवीसारखा लागला.

शेजारच्या अंगणात तुरीच्या शेंगा वाळत पडल्या होत्या. तिथली आजी म्हणाली, "साहेब, उन्हाचं आलात, जेवून जा." नाही म्हणवलं नाही. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि नव्या तुरीच्या डाळीचं वरण. डाळ अशी शिजली होती की दाणा हाताला लागत नव्हता. मी आणखी एकदा वाढून घेतलं आणि मनापासून तारीफ केली. आजी खुलली. "ह्या हापशाचं पाणीच तसं हाय. नाल्याच्या इहिरीच्या पाण्यात डाळ सिजतच नाही. दोन लाकडं जास्त जळतात."

माझा घास थांबला. मित्र शांतपणे जेवत राहिला. शेवटची भाकरी मोडून, ताट पुसून खाल्लं त्याने. मग आजीच्या नातवाला हाक मारली. सात-आठ वर्षांचं लेकरू. हसताना त्याचा हात आपोआप तोंडावर गेला, पण तेवढ्यात दिसलं होतं: पुढच्या दातांवर तपकिरी आडव्या रेघा.

मित्राने चाचणीची पेटी उघडली, हापशाचं पाणी नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले. गुलाबी रंग पाहता पाहता पिवळा पडला. रंगांच्या पट्टीशी नळी लावून तो म्हणाला, "दीडच्या वर." लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडची शेवटची मर्यादा. नाल्याच्या विहिरीचं पाणी त्याने बरोबर आणलं होतं. ते गुलाबीच राहिलं. मुलगा दोन्ही नळ्या उन्हात धरून बघत बसला.

आजीने विचारलं ते कुठल्याही शास्त्रज्ञाने विचारावं असं होतं. "पाणी वाईट हाय, तर मग डाळ कशी सिजते एवढी?"

"त्याच्यामुळंच शिजते, आजी," मित्र म्हणाला. मग त्याने अंगणातल्या एका गुलाबी गोट्यावर हात ठेवून सांगितलं. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण आहे. इकडे पूर्वेला तो विरत जातो आणि त्याच्याखालचा कितीतरी पट जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. त्यातल्या अभ्रकासारख्या खनिजांतून फ्लोराइड पाण्यात उतरतं. पाणी जितकं खोल आणि जितकं जास्त काळ मुरलेलं, तितकं सहसा जास्त. पाण्यात चुना असेल तर तो फ्लोराइडला धरून खाली बसतो. चुना कमी असेल तर फ्लोराइड मोकळं राहतं. आणि डाळीला दाठरपणा येतो तो चुन्यामुळेच. म्हणजे चुना नसलेलं पाणी डाळीला मऊ, हाडा-दातांना कडू.

मी पाहिलेलं हे सगळ्यात नेमकं भूगर्भशास्त्र. चुलीवरच्या पातेल्यातून ते थेट खडकापर्यंत पोचत होतं.

"लेकराला आम्ही उकळून देतो की," आतून सून म्हणाली. उकळून जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं तसं ते दाटतं. तुरटी आणि चुना घालून ते काढायची रीत नागपूरच्या नीरी संस्थेने बसवली, नलगोंडा पद्धत म्हणतात तिला. पण रोज, मापात, न चुकता करायची कुणी? मित्राने वेगळा हिशेब मांडला. दातांवरचं कवच आठ वर्षांच्या आत घडतं. तेवढ्या वयाच्या लेकरांना आधी नाल्याच्या विहिरीचं पाणी द्या, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून, निवळून. धुण्या-भांड्याला, गुरांचा गोठा धुवायला हापसा आहेच.

आजी बराच वेळ त्या पिवळ्या नळीकडे बघत होती. मी मनात म्हणत होतो, आता ही उठून जाईल. पिढ्यान्‌पिढ्या चाखलेल्या चवीला परक्या माणसाने खोटं ठरवलं की राग येणारच. मला स्वतःला आला होता. ती उठली, पण आत जाऊन एक रिकामी घागर घेऊन आली आणि सुनेपुढे ठेवली. "ही इहिरीची. धाकल्यांची. आमचे दात तर गेलेच."

"आणि डाळ?" सुनेने विचारलं.

मित्र म्हणाला, "रात्रीच भिजत घालून बघा."

परतताना मी त्याला विचारलं, पाणी माहीत असून तू जेवलास कसा? "एका जेवणानं काही होत नाही, वर्षानुवर्षांनी होतं. न जेवता उठलो असतो तर तिनं ऐकलं असतं का?"

जीप वळली तेव्हा आजी अंगणाच्या टोकाशी आली होती. तिने ओरडून विचारलं, "मार्चला येताव म्हणलात ना?"

"येतो, आजी. विहीर मोजायला."

"मग घरी या. सिजली का नाही, सांगते."