तळाच्या फळ्या

शेतावर ट्रॅक्टरमागें जी गाडी जोडतात, आणि जिला आमच्याकडे लहानथोर सारे ट्रॉली म्हणतात, तिच्या तळाच्या फळ्यांवर कोणी निबंध लिहावा हें पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. कौतुक व्हायचें तें ट्रॅक्टरचें. दसऱ्याला झेंडूची माळ पडते तीहि त्याच्याच गळ्यांत. पण शेणखत, मुरूम, ऊंस आणि जत्रेला निघालेली आप्तमंडळी हा सगळा भार मुकाट्यानें सोसतात त्या या फळ्या.

यंदां त्या बदलण्याची वेळ आली तेव्हां घरांत दोन पक्ष झाले. "आबा, लाकडाचा नाद सोडा. पत्रा ठोकला कीं पुन्हां बघायला नको," असें चिरंजीवांचें म्हणणें. आमचा सुतार म्हातारा आहे. तो कांहीं बोलला नाहीं. पण गांवांत दाराच्या चौकटीसुद्धां लोखंडाच्या होऊं लागल्यापासून त्याच्या हाताला काम किती उरलें आहे, हें मला ठाऊक होतें. केवळ दयेपोटीं मीं लाकडाची बाजू घेतली असती, तर तो लाकडाचा आणि त्याचाहि अपमान झाला असता. म्हणून आधीं जुन्या फळ्या उचकटून त्यांचीच साक्ष काढावी असें ठरलें.

ती साक्ष बोलकी निघाली. ओझें जेथें पडतें तो फळीचा मधला भाग ठणठणीत होता. कुजलीं होतीं तीं टोकें, आणि खालच्या आडव्या लोखंडावर फळी जेथें टेकते त्या जागा. लाकूड वजनानें सहसा मरत नाहीं. सांचलेल्या ओलाव्यानें मरतें. त्यांतील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारें २० टक्क्यांखालीं राहिलें, तर कुजविणारी बुरशी तेथें वाढूं शकत नाहीं. झाडाच्या ज्या नळ्यांतून एके काळीं मुळांचें पाणी वर चढलें, त्याच कापलेल्या टोकाशीं उघड्या पडतात आणि पाऊस आंत ओढून घेतात. त्यांत फटींत अडकलेलें शेणखत म्हणजे ओलें पोतेरेंच!

पत्र्याचा पक्ष अगदींच लंगडा नाहीं. रोज दगड-मुरूम ओतणाऱ्या गाडीला पत्राच शोभतो. पण पत्रा गंजतो तो पुष्कळदां खालून, नजरेआड. आणि भोक पडलें कीं वेल्डिंगवाल्याकडे अख्खी गाडी न्यावी लागते. फळी एक कुजली तर एकच बदलतां येते.

सागाचा भाव ऐकून माझी श्रद्धा डळमळली, हें खरें. अखेर बाभूळ ठरली, जिच्या चाकांवर दख्खनच्या बैलगाड्या पिढ्यान् पिढ्या फिरल्या. सुतारानें किडा लागणारें कडेचें फिकट लाकूड काढून टाकलें, आणि चांगल्या सुकलेल्या फळ्यांमध्यें पेन्सिलीएवढी फट सोडली. कारण पावसाळ्यांत फळी रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाहींच. टोकांना जवसाचें तेल पितील तितकें पाजलें. तेलकट चिंध्या मात्र त्यानें चिरंजीवांकडून पाण्यांत बुडवून घेतल्या. गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊं शकतात, हें ऐकून कॉलेजांत रसायन शिकलेले आमचे चिरंजीव प्रथमच त्याच्याकडे नीट पाहूं लागले. बोल्टांभोंवतीं आतां काळीं वर्तुळें दिसूं लागलीं आहेत. बाभळीच्या तुरट रसाची लोखंडाशीं गांठ पडली कीं होते ती शाईच.

काढलेल्या फळ्यांपैकीं तीन, टोकें कापलीं तर, अजून कामाच्या आहेत. गव्हाणीला त्या पुरतील असें सुतार म्हणतो. चिरंजीव त्यांचीं मापें घेत आहेत.